जुन्या आगीच्या बंबाचे छायाचित्र : मूळ प्रत कशी जपावी आणि चौकटीत काय लावावे

भायखळा, लालबाग, परळ या भागांतून ठाणे, कळवा, ऐरोली, नेरूळ अशा ठिकाणी राहायला आलेल्या कित्येक कुटुंबांत आजोबा किंवा पणजोबा अग्निशमन दलात होते, ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाते, आणि तिचा हाती उरलेला पुरावा अनेकदा एकच असतो : लाकडी चौकटीतले एक काळे-पांढरे छायाचित्र, ज्यात पितळी घंटा आणि लांब शिडी असलेल्या बंबासमोर गणवेशातली माणसे ओळीने उभी आहेत. असे छायाचित्र हाती आले की आपण ते फ्रेमवाल्याकडे नेतो, नवी काच आणि नवी पट्टी बसवून घेतो आणि दिवाणखान्यात टांगतो. हा लेख त्याऐवजी दुसरी पद्धत सुचवतो. मूळ छायाचित्र भिंतीवर टांगू नये. त्याची उत्तम प्रत करून ती चौकटीत लावावी आणि मूळ कागद कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवावा. आपल्याकडच्या हवेत भिंतीवरचा प्रत्येक पावसाळा त्या कागदाचे आयुष्य कमी करतो, आणि प्रकाशाने एकदा झालेली हानी कोणत्याही उपायाने भरून येत नाही.

चौकट उघडताना

हे काम डिसेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत करावे. जून ते सप्टेंबर या काळात ठाणे आणि नवी मुंबईत हवेतली सापेक्ष आर्द्रता सहज ८० टक्क्यांच्या पुढे जाते. त्या दिवसांत कागद, पुठ्ठा आणि लाकूड हवेतला ओलावा शोषून घेतात आणि तो ओलावा नव्या चौकटीत आपल्याच हातांनी कोंडला जातो.

चौकट उघडण्यापूर्वी एक तपासणी अवश्य करावी. खोलीतले दिवे मालवून टॉर्चचा प्रकाश काचेवर तिरका पाडावा आणि छायाचित्राचा पृष्ठभाग सावकाश पाहावा. जुन्या काळ्या-पांढऱ्या छायाचित्रांत प्रतिमा जिलेटिनच्या थरात असते. हा थर दमट हवेत मऊ होतो आणि काच त्याला थेट टेकलेली असेल तर तिला चिकटून बसतो. चिकटलेला भाग तिरक्या प्रकाशात आजूबाजूपेक्षा गडद आणि ओला असल्यासारखा चमकतो. असा एकही डाग दिसला, तर काच ओढून काढण्याचा मोह पूर्णपणे टाळावा, कारण काचेबरोबर प्रतिमेचा थरही निघून येतो. अशा वेळी काचेसकटच छायाचित्राची डिजिटल प्रत करून घ्यावी आणि मूळ वस्तू प्रशिक्षित संवर्धकाला दाखवावी. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाची स्वतःची कलासंवर्धन प्रयोगशाळा आहे. तिथे चौकशी करणे ही चांगली सुरुवात ठरते.

काच सुटी असेल, तर टेबलावर स्वच्छ सुती कापड पसरून चौकट त्यावर पालथी ठेवावी. मागचे खिळे हातोडीने ठोकून काढू नयेत. ते पक्कडीने एकेक सरळ करून उपसावेत, कारण ठोकण्याच्या हादऱ्याने जुना, ठिसूळ पुठ्ठा तुटतो आणि त्यावर चिकटवलेले छायाचित्रही त्याच रेषेवर तडकते. प्रत्येक थर काढताना मोबाइलवर त्याचा फोटो घेत जावे. हार्डबोर्डच्या आत पोकळी भरण्यासाठी घातलेले वर्तमानपत्र बऱ्याचदा सापडते. त्या कागदातले आम्ल छायाचित्राला पिवळे पाडते, म्हणून तो बाजूला काढलाच पाहिजे. मात्र फेकू नये, कारण त्यावरची तारीख चौकट केव्हा बांधली गेली याचा अंदाज देते. ती तारीख छायाचित्र काढल्याची नव्हे, हे लक्षात ठेवावे.

मागची बाजू आधी, पुढची नंतर

छायाचित्राची किंमत बंबाच्या थाटात असते, तितकीच मागच्या मजकुरातही असते. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीने लिहिलेली नावे, कागद बनवणाऱ्या कंपनीची छापील खूण, अल्बममधून उपटताना राहिलेला काळा कागद, यातले काहीही पुसू किंवा खरवडू नये. पुठ्ठ्यावर चिकटवलेले छायाचित्र त्यापासून सोडवण्याचा प्रयत्नही करू नये; पुठ्ठ्याच्या खालच्या कोपऱ्यात स्टुडिओचे नाव उठावात दाबलेले असते आणि तो पुठ्ठा त्या वस्तूचाच भाग आहे.

पुढच्या बाजूची धूळ मऊ, रुंद ब्रशने मध्यापासून कडांकडे हलक्या हाताने झाडावी. पाणी, स्पिरिट, काच पुसण्याचे द्रावण किंवा ओले कापड यांपैकी काहीही वापरू नये. बुरशीचे ठिपके असतील तर हा नियम अधिकच कडक पाळावा, कारण बुरशीने खाल्लेले जिलेटिन पाण्यात विरघळू लागते आणि पुसताना आजोबांचा चेहराच कापडावर उतरू शकतो. बुरशी ओलसर, लोकरीसारखी दिसत असेल तर ती जिवंत आहे असे समजावे. छायाचित्र इतर कागदांपासून वेगळे करून कोरड्या खोलीत ठेवावे आणि ठिपके कोरडे, भुकटीसारखे झाल्यावरच मास्क लावून, गॅलरीत जाऊन ते ब्रशने झाडावेत. कडेच्या गडद भागांत निळसर, धातूसारखी चमक दिसते, तिला मात्र घाबरण्याचे कारण नाही. प्रतिमेतली चांदी पृष्ठभागावर आल्याने ती झाक येते. घासून काढू नये. उलट, आपल्या हातात खरे सिल्व्हर जिलेटिन छायाचित्र असल्याची ती एक भरवशाची खूण आहे.

त्याचीच दुसरी परीक्षा भिंगाने होते. १० पट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली नियमित ओळींत मांडलेले बारीक ठिपके दिसले, तर ते छायाचित्र नसून पुस्तकातून किंवा कॅलेंडरमधून कापलेले छापील चित्र आहे. जुन्या बाजारात ‘संग्रहातले दुर्मिळ छायाचित्र’ म्हणून चौकटीसह विकल्या जाणाऱ्या वस्तू घेण्यापूर्वी ही परीक्षा जरूर करावी. खऱ्या छायाचित्रात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटा सलग उतरत जातात.

बंब वाचावा कसा

चौकटीखाली नावपट्टी लावायची असेल, तर तिच्यावर काय लिहायचे हे ठरवण्यासाठी बंबाकडे नीट पाहावे लागते. मला या सगळ्या कामातला सर्वांत आनंदाचा भाग हाच वाटतो, आणि सर्वाधिक चुकीचे मथळेही इथल्याच घाईतून जन्माला येतात.

न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबासारखा उभा, चकचकीत बॉयलर आणि पुढे घोडे जुंपण्याची दांडी दिसली, तर तो वाफेवर चालणारा पंप आहे. लंडनच्या मेरीवेदर आणि शँड मेसन या कंपन्या अशा पंपांसाठी प्रसिद्ध होत्या. पेट्रोलवर चालणारे बंब विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आले : मेरीवेदरचा १९०४ मध्ये, डेनिस कंपनीचा पहिला १९०८ मध्ये, आणि लेलँडचा त्यानंतर. रेडिएटरच्या माथ्यावरची नाममुद्रा मोठी करून वाचली तर बहुतेक वेळा कंपनी कळते. भरीव रबराची धाव असलेली चाके साधारणपणे १९२० च्या दशकाच्या मध्यापूर्वीच्या गाडीची असतात. हवा भरलेले टायर त्यानंतर रुळले. जवान गाडीच्या दोन्ही अंगांना बाहेर तोंड करून उघड्यावर बसलेले असतील, तर ती ब्रेडवूड पद्धतीची बांधणी होय. वळणावर माणसे फेकली जाण्याचा धोका असल्याने १९३० च्या दशकापासून बंद केबिनच्या गाड्या येऊ लागल्या. मागे दोन मोठ्या चाकांवर टेकलेली लाकडी शिडी दिसली, तर तिचीही नोंद करावी. ती गाडीवरून उतरवून माणसांनी ढकलत इमारतीपाशी न्यायची असे.

भारतात बनलेल्या गाड्यांसाठी खुणा अधिक सोप्या आहेत. जमशेदपूरला टाटा आणि मर्सिडीज-बेंझ यांच्या भागीदारीतले ट्रक १९५४ पासून तयार होऊ लागले आणि तो करार १९६९ मध्ये संपला. त्यामुळे जाळीवर तीन टोकांचा तारा असलेला टाटाचा सांगाडा या दोन वर्षांच्या दरम्यानचा मानायला हरकत नाही. अशोक लेलँड हे नाव १९५५ नंतरचे आहे.

गाडीच्या अंगावरची अक्षरे तर गावाचा इतिहासच सांगतात. ठाणे महानगरपालिका १ ऑक्टोबर १९८२ रोजी अस्तित्वात आली. त्याआधी ठाण्याच्या गाडीवर ‘महानगरपालिका’ असे लिहिलेले असणे शक्य नाही. नवी मुंबईत १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोचा कारभार होता आणि नवी मुंबई महानगरपालिकेचे काम १ जानेवारी १९९२ पासून सुरू झाले, त्यामुळे वाशी किंवा बेलापूरच्या बंबावर कोणाचे नाव आहे एवढ्यावरूनही काळाची एक बाजू पक्की होते. क्रमांकपट्टीवर ‘एमएच ०४’ असेल तर गाडीची नोंद ठाण्याची आणि ‘एमएच ४३’ असेल तर नवी मुंबईची. ‘एमएच’ने सुरू होणाऱ्या पट्ट्या १९८९ च्या सुमारास आल्या. तीन अक्षरांची पट्टी त्याआधीची, आणि त्यातही पहिले अक्षर ‘बी’ असेल तर नोंद मुंबई राज्याच्या काळातली, म्हणजे महाराष्ट्र स्थापन होण्यापूर्वीची.

येथे एक मर्यादा पाळली पाहिजे. या साऱ्या खुणा गाडीचे वय सांगतात, छायाचित्राचे नव्हे. बंब वीस-पंचवीस वर्षे सहज सेवेत राहतात, आणि निवृत्त झालेली गाडी केंद्राच्या आवारात शोभेसाठी उभी करून तिच्यासमोर छायाचित्रे काढली जातात. गाडीवरून ‘या वर्षाच्या आधीचे नाही’ एवढेच ठामपणे म्हणता येते. ‘नंतरचे नाही’ हे ठरवण्यासाठी गणवेश, कागद आणि मागचा मजकूर पाहावा लागतो. कागदावरून एक उपयुक्त तपासणी अशी : कागदाच्या दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकचा पातळ लेप असेल, म्हणजे स्टुडिओवाले ज्याला आरसी पेपर म्हणत तो असेल, तर ती प्रत १९६० च्या दशकाच्या अखेरीनंतर छापलेली आहे, मग तिच्यातला बंब कितीही जुना असो.

आपल्याकडे वारंवार होणारी एक चूक स्पष्टपणे सांगितली पाहिजे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत कापूस आणि स्फोटके भरलेल्या ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाला आग लागून स्फोट झाले आणि मुंबई अग्निशमन दलाच्या ६६ जवानांना प्राण गमवावे लागले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. ही घटना एवढी मोठी आहे की मुंबईचा कोणताही जुना बंब दिसला की त्याखाली ‘१९४४ च्या गोदी स्फोटातील बंब’ असे लिहिले जाते. पुरावा नसताना असे लिहू नये. त्या ६६ जणांचा मान राखायचा असेल तर त्यांच्या नावाशी खोटी वस्तू जोडली जाऊ नये, एवढी दक्षता आपण घेतलीच पाहिजे. नावपट्टीवर निश्चित माहिती आधी लिहावी, तर्काने काढलेल्या वर्षापुढे ‘अंदाजे’ हा शब्द घालावा, माणसांची नावे डावीकडून उजवीकडे या क्रमाने द्यावीत आणि ती कोणी सांगितली हेही नोंदवावे. घरातल्या वडीलधाऱ्यांना छायाचित्र दाखवून हे आजच विचारून घ्यावे. जुन्या ठाण्याविषयीची पुस्तके पाहायची असतील, तर १८९३ मध्ये स्थापन झालेले ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय जवळच आहे.

प्रत तयार करणे

सपाट छायाचित्र फ्लॅटबेड स्कॅनरवर ठेवून ६०० पीपीआयने (दर इंचाला ६०० पिक्सेल) स्कॅन करावे. पोस्टकार्डाहून लहान असेल तर १२०० पीपीआय घ्यावे. फुल प्लेट म्हणजे साडेसहा बाय साडेआठ इंचांचे छायाचित्र ६०० ने स्कॅन केल्यावर ३९०० बाय ५१०० पिक्सेल मिळतात आणि त्यातून १३ बाय १७ इंचांची, मुळाच्या दुप्पट आकाराची छपाई ३०० पीपीआयच्या दर्जाने होते. छायाचित्र काळे-पांढरे असले तरी स्कॅन रंगीतच करावे, म्हणजे कागदाचा पिवळेपणा आणि तपकिरी छटा यांची नोंद राहते. फाइल टिफ या, दर्जा न घटवणाऱ्या, स्वरूपात जतन करावी. व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत ही जतन केलेली प्रत नव्हे. मागची बाजू आणि पुठ्ठाही स्कॅन करावा. कागद वळलेला असेल तर झाकण दाबून तो सपाट करू नये. कॅमेरा वरून सरळ धरून, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत सारखे दिवे लावून त्याचे छायाचित्र घ्यावे. झेरॉक्सच्या दुकानात मूळ प्रत ठेवून येऊ नये. काम समोर बसून करून घ्यावे.

मूळ स्कॅनची एक फाइल कायम जशीच्या तशी ठेवून दुरुस्त्या तिच्या नकलेवर कराव्यात. ओरखडे आणि डाग काढणे ठीक आहे. चेहरे आपोआप ‘स्पष्ट’ करणारी साधने मात्र नसलेले डोळे आणि नसलेली अक्षरे रचतात, आणि मग क्रमांकपट्टीवर कधीच अस्तित्वात नसलेला क्रमांक उमटतो. रंग भरण्यालाही माझा ठाम विरोध आहे, आणि त्याला या विषयापुरते एक खास कारण आहे. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटा, म्हणजे कॅमेऱ्यात फिल्मऐवजी घालायच्या काचा, निळ्या आणि हिरव्या प्रकाशाला प्रतिसाद देत, लाल प्रकाशाला नव्हे. त्यामुळे लालभडक बंब त्यांत जवळजवळ काळा उमटतो आणि त्यावरचे घासलेले पितळ पांढरे झळकते. लाल रंगालाही न्याय देणारी पँक्रोमॅटिक फिल्म १९२० च्या दशकापासून हळूहळू रुळली. हा काळेपणा त्या काळाच्या तंत्राची खूण आहे. त्यावर अंदाजाने लाल रंग चढवला की छायाचित्राचा काळ ओळखण्याची एक वाटच बुजते.

छपाई पिगमेंट (रंगकणांच्या) शाईने, सुती कागदावर, मॅट पृष्ठभागावर करावी. लॅमिनेशन प्रतीलाही करू नये आणि मूळ छायाचित्राला तर कदापि करू नये.

चौकट आणि भिंत

चौकटीत काच आणि कागद यांच्यामध्ये अंतर हवे, आणि ते माउंटने, म्हणजे मध्ये खिडकी कापलेल्या जाड पुठ्ठ्याने, मिळते. माउंट आम्लरहित, शक्यतो सुती लगद्याचे घ्यावे. फ्रेमवाल्याकडे नसेल तर चित्रकलेच्या साहित्याच्या दुकानातून स्वतः आणून द्यावे. कागद माउंटवर फेव्हिकॉलने किंवा दुहेरी चिकटपट्टीने डकवू देऊ नये. चार कोपऱ्यांना पारदर्शक पॉलिस्टरचे त्रिकोणी खिसे लावून त्यांत तो नुसता अडकवावा. मागे हार्डबोर्ड किंवा एमडीएफ लागणारच असेल, तर त्याच्या आणि माउंटच्या मध्ये पॉलिस्टरची पातळ फिल्म घालावी. अतिनील किरण अडवणारी काच किंवा ॲक्रिलिक मिळाल्यास उत्तम. सागवानी पट्टी महाग पडते, पण वाळवीच्या दृष्टीने हलक्या लाकडापेक्षा भरवशाची असते. ॲल्युमिनियमची पट्टीही चालते, जरी अशा छायाचित्राला ती शोभत नाही असे मला वाटते.

भिंत निवडताना इमारतीच्या बाहेरच्या बाजूची, विशेषतः पश्चिमेची आणि नैर्ऋत्येची भिंत टाळावी, कारण पावसाचा मारा तिथेच बसतो. न्हाणीघराला लागून असलेली भिंत, देवघरातल्या उदबत्तीच्या धुराची जागा, स्वयंपाकघराच्या दारासमोरचा कोपरा आणि एसीच्या थेट झोताखालची जागाही नको. दोन खोल्यांच्या मधली भिंत सर्वांत चांगली. चौकटीच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना रबराच्या किंवा बुचाच्या छोट्या गुंड्या चिकटवाव्यात, म्हणजे भिंत आणि चौकट यांच्यात हवा खेळती राहते. चौकट मोठी असेल तर एका खिळ्यावर न टांगता दोन हुकांवर टांगावी.

मूळ प्रतीचे घर

मूळ छायाचित्र आम्लरहित कागदाच्या घडीत आणि मग आम्लरहित पुठ्ठ्याच्या पेटीत आडवे ठेवावे. प्लॅस्टिकचे पाकीट आपल्या हवेत वापरू नये, कारण आत कोंडलेल्या ओलाव्याने जिलेटिन त्यालाच चिकटते. पेटी माळ्यावर किंवा पलंगाखाली न ठेवता आतल्या भिंतीलगतच्या कपाटाच्या मधल्या कप्प्यात ठेवावी, आणि शेजारी एक छोटा आर्द्रतामापक ठेवावा. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहू लागली की बुरशीला वाव मिळतो. तेव्हा पेटीत सिलिका जेलच्या पुड्या कागदाला न टेकतील अशा ठेवाव्यात आणि त्यांचा रंग बदलला की त्या बदलाव्यात किंवा वाळवून पुन्हा वापराव्यात. डांबराच्या गोळ्या आणि कडुनिंबाचा पाला दोन्ही पेटीत घालू नयेत; गोळ्यांची वाफ छायाचित्राला घातक असते आणि पाला ओलावा आणतो.

मूळ प्रत कधीच कोणाला दिसू नये, असा याचा अर्थ नाही. १४ ते २० एप्रिल या अग्निशमन सेवा सप्ताहात ती थेट उन्हापासून दूर, मंद प्रकाशात, घरच्यांसमोर आणि पाहुण्यांसमोर ठेवता येईल. तेव्हा हवा गरम असली तरी पाऊस सुरू झालेला नसतो. त्याच सप्ताहात स्कॅनची एक प्रत, नावांच्या यादीसह, आपल्या जवळच्या अग्निशमन केंद्राला द्यावी. पावसाळा संपल्यावर, नवरात्राच्या आसपास, भिंतीवरची चौकट उतरवून मागची बाजू तपासावी : पुठ्ठा फुगला आहे का, कोपऱ्यांत कसर लागली आहे का, भिंतीवर चौकटीच्या आकाराचा ओलसर डाग आहे का. डाग असेल तर भिंतीची दुरुस्ती होईपर्यंत चौकट तिथे परत लावू नये, आणि त्याच दिवशी कपाटातली पेटीही उघडून पाहावी.